६६ सीसी सायकल-इंजिनाला लांब एक्सपान्शन पाईप: जानेवारी ते मार्च २०२५ च्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

घर रानातच, वस्तीवर. नदीकाठची मोटार घरापासून लांब, आणि शेतीची लाइट पाळीप्रमाणे रात्रीची येते. मध्यरात्री उठून उसाला पाणी पाजायला जायचं तर जाताना उतार आणि येताना चढ. त्यासाठी २६ इंची सायकलला टू-स्ट्रोक इंजिनाचं किट बसवलेलं आहे. खोक्यावर ८० सीसी लिहितात. व्हर्नियर लावला तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८, म्हणजे खरं ६६ सीसी.

सपाटीला गाडी ठीक पळते. नदीकडून वर येणाऱ्या चढावर मात्र दम तुटतो आणि वरच्या टप्प्यात पायडल मारावं लागतं. सोबत फवारणीचा पंप किंवा डिझेलचा कॅन असला तर जास्तच. सायलेन्सर काढून एक्सपान्शन पाईप (धुराचा, मधे फुगणारा पाईप) बसवायचा तो या चढासाठी. सपाटीचा वेग वाढवायची मला गरज नाही, आणि सायकलच्या ब्रेकवर तो वाढवूही नये.

कायद्याचं आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली गाडी मोटार वाहनात धरत नाहीत. ६६ सीसी त्या सवलतीत बसत नाही. नोंदणीशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. आमची वाट पूर्णपणे आमच्या आणि चुलत्यांच्या रानातून जाते, म्हणून हा उद्योग. ज्यांना गावात फिरायचं आहे त्यांनी या कामात पैसे घालू नयेत.

आजची मापं, पुढे तुलना करायला. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ४४ दात्यांचं, इंजिनाचं १० चं, आतली गिअरजोडी ८२ ला २०. सगळं मिळून १८.०४ ला १. चाकाचा घेर २.०५ मीटर. फोनच्या जीपीएसवर सपाटीला ताशी जास्तीत जास्त ३८ किमी. चढाच्या पायथ्याला २५ ने शिरलो तर माथ्यावर १७ उरतात. हिशेब केला तर १७ च्या वेगाला इंजिन मिनिटाला जेमतेम २,५०० फेऱ्यांवर असतं.

१२ जानेवारी

जुना सायलेन्सर काढला. खालचा नट सुटला, वरचा स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) नटासकट बाहेर आला आणि त्यासोबत ॲल्युमिनियमच्या आट्यांचा चुरा. मूळ स्टड एम-६ (६ मिमी) आहेत आणि या इंजिनांमध्ये हे दुखणं ठरलेलंच. आत पाहिलं तर गॅस्केट एका बाजूने जळालेलं, म्हणजे तिथून गळती चालू होती आणि त्या गळतीतच नट भाजून धरले होते.

दोन पर्याय होते: त्याच मापाचं स्प्रिंगसारखं इन्सर्ट बसवणं, किंवा भोक वाढवून एम-८ करणं. एम-८ घेतलं, कारण नवा पाईप जुन्यापेक्षा जड असणार. ६.८ चं ड्रिल, मग एम-८ चा टॅप. ड्रिल हातातल्या मशीनने मारू नका, सिलिंडर काढून ड्रिल प्रेसवर नेला. सिलिंडर जागेवर ठेवूनच मारायचं असेल तर पिस्टन पूर्ण वर आणा. तेव्हा पिस्टनची भिंत एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर जायचं तोंड) झाकते आणि चुरा आत पडत नाही. पोर्टमध्ये ग्रीस लावलेली चिंधी कोंबायची आणि शेवटी मोजून बाहेर काढायची.

१८ जानेवारी

ऑनलाइन मागवलेला तयार ‘रेसिंग पाईप’ आला. २,४०० रुपये. दिसायला देखणा, क्रोम केलेला. फ्लॅंजची (पाईप इंजिनाला आवळायच्या पट्टीची) भोकं एम-६ ची, ती कानशीने ८.५ पर्यंत वाढवली. सायकलच्या खालच्या दांड्याला पाईप घासत होता, म्हणून इंजिन एक बोट मागे सरकवलं. क्रँकला (पायडलच्या दांडीला) आणि बुटाला मात्र अडला नाही.

सपाटीला गाडी ४६ ला गेली. आवाज कर्कश. चढावर माथ्याच्या बऱ्याच आधी वेग १२ वर आला आणि पायडल मारत यावं लागलं. जुन्या डब्याने जे जमत होतं तेही गेलं.

कारण शोधायला तार घेतली आणि पाईपच्या मधोमध लांबी मोजली. पिस्टनच्या तोंडापासून मागच्या उतरत्या शंकूच्या मध्यापर्यंत ७०० मिमी भरली. आता हा आकडा काय सांगतो ते पुढच्या नोंदीत. आज एवढंच कळलं की विकणाऱ्याने पानावर कुठेच लांबी दिलेली नाही, फक्त ‘३० टक्के जास्त पॉवर’ लिहिलंय. परत घ्यायलाही नकार दिला, पाईप वापरला म्हणून.

१९ जानेवारी

पोर्ट किती अंश उघडा राहतो हे मोजलं. हे मोजल्याशिवाय पाईपला हात लावू नये असं माझं मत झालं आहे.

पद्धत अशी. ३६० अंशांचा कोनमापक छापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि मॅग्नेटोच्या नटावर बसवला. जुन्या प्लगचा चिनीमातीचा भाग फोडून त्यात बोल्ट बसवला आणि तो प्लगच्या जागी आवळला. आता पिस्टन वर येताना बोल्टला टेकून थांबतो. एका बाजूने टेकला तो आकडा, उलट्या बाजूने टेकला तो आकडा, दोन्हींचा मध्य म्हणजे पिस्टनची वरची टोकाची जागा. नुसत्या डोळ्यांनी ही जागा धरली तर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो.

मग बोल्ट काढला, पोर्टमधून बॅटरीचा उजेड टाकला आणि हळूहळू फिरवलं. माझ्या इंजिनाचा एक्झॉस्ट पोर्ट १०५ अंशांवर उघडतो आणि २५५ वर मिटतो. म्हणजे १५० अंश उघडा.

आता लांबी. पोर्ट उघडल्यावर दाबाची लाट पाईपभर धावते, मागच्या शंकूवर आपटून परत येते आणि पोर्ट मिटायच्या आत पोचली तर बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. लवकर पोचली किंवा उशिरा पोचली तर उपयोग नाही, उलट नुकसान. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ५१० मीटर धरला की हिशेब एका ओळीत बसतो: अंश गुणिले ४२,५४५ भागिले फेऱ्या, उत्तर मिलिमीटरमध्ये.

तयार पाईपचे ७०० मिमी उलटे लावले तर १५० अंशांना ९,१०० फेऱ्या येतात. सपाटीला ४६ ला गेलो तेव्हाही इंजिन ६,७०० च्या आसपास होतं. म्हणजे तो पाईप ज्या फेऱ्यांसाठी कापला आहे तिथे माझं इंजिन कधी जातच नाही, आणि मी जिथे चढतो तिथे लाट चुकीच्या वेळी परत येते. पाईप वाईट बनवलेला नाही. तो दुसऱ्याच कामाचा आहे.

२५ जानेवारी

मग माझ्या कामाचा पाईप किती लांब हवा? चढावर इंजिन साधारण ३,००० ला असतं. त्याला २,१२७ मिमी. सायकलच एवढी लांब नाही. ४,५०० ला धरलं तरी १,४१८.

दोन्ही बाजूंनी सरकावं लागणार: पाईप सायकलीवर मावेल इतका लांब, आणि इंजिन चढावर जास्त फेऱ्यांवर राहील असं मागचं स्प्रॉकेट. ५० दात्यांचं स्प्रॉकेट घेतलं तर गिअर २०.५ ला १ होतो. चाकाचा घेर २.०५ असल्यामुळे हिशेबही सोपा झाला, फेऱ्या भागिले दहा म्हणजे मिनिटाला मीटर. ४,५०० फेऱ्यांना ताशी २७ किमी, ५,८०० ला ताशी ३५.

५,८०० ला लांबी ११०० मिमी येते. सायकलीवर तार वाकवून पाहिली: पोर्टमधून पुढे, खालच्या दांड्याच्या उजवीकडून खाली, क्रँककेसखालून मागे, बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलची धुरी बसते त्या नळीच्या) खालून, मग उजव्या चेनच्या खालून चाकाच्या बाहेरच्या अंगाने. एवढी लांबी मागच्या ॲक्सलच्या थोडी पुढे संपते. मावते.

खरी अडचण रुंदीची. बॉटम ब्रॅकेटखाली दोन्ही क्रँकच्या मधून जाताना पाईप जाड असून चालत नाही, आणि पोटाचा जाड भाग पायडलच्या घेराच्या मागेच सुरू व्हायला हवा. सुदैवाने मापं तशी जुळतात, कारण लांब पाईपचं पोट मागेच येतं.

ठरलेली मापं, सगळी आतली:

पिस्टनपासून फ्लॅंजपर्यंत ३५. पुढची नळी २२ मिमी व्यासाची, २९० लांब. उघडणारा शंकू २२ वरून ५५, लांबी ३१५. पोट ५५ व्यासाचं, ३२९. मिटणारा शंकू ५५ वरून १३, लांबी २००. शेपटीची नळी १३ मिमी, १६० लांब. मिटणाऱ्या शंकूचा मध्य धरताना तो टोकाला मिळेपर्यंत वाढवून धरला, म्हणून बेरीज ११०० येते.

दोन्ही शंकू मुद्दाम कमी उताराचे ठेवले. उतार तीव्र केला की जोर एकाच जागी जमतो, उतार कमी ठेवला की जोर थोडा कमी पण लांब पट्ट्यात मिळतो. शेपटीची नळी मात्र हौसेने बारीक करू नये. धूर कोंडला की पिस्टन तापून धरतो. पुढच्या नळीच्या व्यासाच्या साठ टक्के हा बरा आकडा आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

कागदी फर्मे कापले. शंकू उलगडला की पंख्याच्या आकाराचा तुकडा मिळतो. उघडणाऱ्या शंकूसाठी मोठी त्रिज्या ५२५.७, लहान २१०.३, कोन १८.८ अंश. मिटणाऱ्यासाठी २६३.३, ६२.२ आणि ३७.६ अंश. पोटासाठी साधा आयत, ३२९ गुणिले १७६. कंपास एवढा मोठा नसतो, म्हणून लाकडी पट्टीला एका टोकाला खिळा आणि मापावर पेन्सिल. कागद आधी गुंडाळून व्यास तपासला, मगच पत्र्यावर उतरवला.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड), २० गेज. गंजलेला किंवा गॅल्वनाइज्ड घेऊ नका. जस्ताचा लेप वेल्डिंगला धूर सोडतो आणि तो धूर छातीला वाईट. पुढच्या नळीसाठी एक इंची ओडी (बाहेरचा व्यास), १६ गेज भिंतीची नळी. २५.४ मधून ३.२ वजा केले की आतून २२.२.

९ फेब्रुवारी

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथे सुटे भाग बनतात, त्यामुळे एक तुकडा बनवून द्या म्हटलं तर कुणी दारातून परत पाठवत नाही. यामाहा आरएक्सवाल्या पोरांचे पाईप बनवणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे गेलो. फर्मे बघून म्हणाले, “पाव्हणं, एवढा लांब कशाला? पोरं आखूड मागत्यात.” चढाचं सांगितलं तेव्हा मान हलवली आणि कामाला लागले.

वेल्डिंग गॅसचं. २० गेज पत्र्याला आर्क लावला तर भोकं पडतात. मामांनी पत्रा भरीव गजावर ठेवून लाकडी हातोड्याने दोन्ही कडांकडून मध्याकडे वळवत नेला. मधून सुरुवात केली तर कडा सपाट राहतात आणि जोडावर चोच उरते. लहान तोंडाकडचा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो.

नळी वाकवायला वाळू भरली. वाळू आदल्या दिवशी घरी तव्यावर भाजून अगदी कोरडी करून नेली होती. ओली वाळू तापली की आत वाफ होते आणि टोकाचा लाकडी गुट्टा गोळीसारखा उडतो. नळी उभी धरून ठोकत ठोकत वाळू दाबून भरायची, नाहीतर वाकण्याच्या आतल्या बाजूला सुरकुती येते. पहिलं वळण उत्तम. दुसऱ्याला सुरकुती आली, तो तुकडा बाद. नवीन नळीत वाळू जास्त वेळ ठोकली तेव्हा जमलं.

सगळं पुरं जोडायच्या आधी मामांनी चार-चार टाके मारले. “आधी सायकलीवर लावून बघा, मग पुरं वेल्डिंग.” सायकल टेम्पोतून सोबत नेली होती, म्हणून हे जमलं. आणि बरं झालं, कारण शंकूचं तोंड उजव्या क्रँकपासून फक्त दोन मिमीवर होतं. टाके तोडून शंकू डावीकडे फिरवला. आता ११ मिमी जागा आहे. सायकल सोबत न नेता फक्त मापांवर हे काम करायला देऊ नका.

१६ फेब्रुवारी

फ्लॅंज ६ मिमी पट्टीचा. वेल्डिंगनंतर तो हमखास वाकतो. खिडकीच्या काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर घासला, तोंड सगळीकडून सारखं चमकेपर्यंत. गॅस्केट एक मिमी तांब्याच्या पत्र्याचं कापलं, लाल तापवून पाण्यात बुडवलं. तांबं असं केल्याने मऊ पडतं, पोलादाच्या उलट. मऊ तांबं फ्लॅंजच्या बारीक खाचा भरून काढतं.

पाईपचं शेपूट मागच्या खालच्या दांड्याला यू-क्लॅंपने घट्ट आवळलं. इंजिन पहिल्या झटक्यात चालू. जुनं ४४ चं स्प्रॉकेट अजून तसंच आहे, मुद्दाम, म्हणजे एका वेळी एकच बदल.

चढावर माथ्याला १८. जुन्या डब्यापेक्षा एकच किमी जास्त. पण पायथ्याला ३० च्या पुढे शिरलो की वेगळीच ओढ जाणवते आणि ती सुटली की एकदम सुटते. हिशेब बरोबर आहे, इंजिन त्या पट्ट्यात राहत नाही एवढंच.

१९ फेब्रुवारी

फ्लॅंजजवळ वेल्डिंगच्या कडेला तडा. आधी फट-फट असा आवाज, मग नळीवर काळा डाग, हाताला धूर लागला तेव्हा दिसलं.

तडा वेल्डिंगमध्ये नाही, वेल्डिंगच्या शेजारच्या नळीत आहे. म्हणजे वेल्डिंगचा दोष नाही. एका टोकाला पाईप इंजिनाला बांधलेला, दुसऱ्या टोकाला सायकलच्या दांड्याला. इंजिन एका तालात थरथरतं, दांडा नांगरटीच्या ढेकळांवर दुसऱ्याच तालात. मधला पाईप वाकायला बघतो आणि वाकणं सगळं फ्लॅंजजवळ येऊन साठतं. जाड नळी घेऊन हे थांबणार नाही, तडा फक्त उशिरा जाईल.

२३ फेब्रुवारी

उपाय मामांकडेच तयार होता. पुढची नळी आणि शंकू यांच्यामध्ये घट्ट जोड ठेवला नाही. शंकूच्या तोंडाला ४० मिमी लांबीची बाही जोडली, नळी त्यात सरकून बसते, दोन्ही बाजूंना हुक आणि त्यात स्प्रिंगा. स्कूटरच्या ब्रेक शूच्या स्प्रिंगा घेतल्या. बाहीत थोडं हाय-टेम्परेचर सिलिकॉन. आता पाईप इंजिनासोबत डुलू शकतो.

मागच्या टोकाचा यू-क्लॅंप काढला. तिथे पत्र्याचा कान, आणि मोटरसायकलच्या सायलेन्सरला येतो तसा रबरी बुश. दांड्याभोवती आवळायच्या पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा. हाताने पाईप हलवला तर किंचित हलतो आणि जागेवर येतो. हेच हवं.

तडा गेलेली जागा गॅसने भरून घेतली आणि बाहेरून दोन छोटे आडवे तुकडे लावले.

१ मार्च

५० चं स्प्रॉकेट. ४१५ नंबरच्या चेनला जोडाची कडी धरून वाढ द्यावी लागली आणि टेन्शनरची चाकी खाली घेतली. मोठं स्प्रॉकेट डाव्या मागच्या दांड्याला घासतं का ते चाक हाताने पूर्ण फिरवून बघा. स्प्रॉकेट स्पोकला रबरांनी धरलेलं असल्याने थोडं डगमगतं. माझं एका जागी घासत होतं. नट तिरपे-तिरपे, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले आणि डगमग दीड मिमीच्या आत आणली. याला सगळी सकाळ गेली आणि त्यात घाई करण्यात अर्थ नाही, चेन उतरून स्पोकमध्ये गेली तर चाक जागीच अडकतं.

चढ: पायथ्याला ३२ ने शिरलो, माथ्यावर २६. पायडल नाही. फवारणीचा भरलेला पंप कॅरिअरला बांधून २३.

सपाटीला आता ३७, म्हणजे मूळच्यापेक्षा एक कमी. मला हेच हवं होतं. चढावर मध्येच थांबून पुन्हा निघायचं तर मात्र सुरुवातीला पायडल लागतंच, ३,५०० च्या खाली हा पाईप काही देत नाही.

२ मार्च

प्लग काढून पाहिला. पांढुरका. पाईप जास्त हवा ओढतो, त्यामुळे मिश्रण विरळ झालं. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यानेही मिश्रण विरळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं, म्हणून विरळ मिश्रण म्हणजे उष्णता जास्त आणि तेल कमी, दोन्ही एकदम.

कार्बोरेटरच्या जेटचं (पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं) भोक ०.७० वरून ०.७५ मिमी केलं, हातात फिरवायच्या बारीक ड्रिलने, मशीनने नाही. परत तपासायची रीत: पूर्ण ॲक्सिलरेटरवर चढ चढायचा, माथ्यावर एकदम इंजिन बंद करून क्लच ओढायचा, आणि तिथेच प्लग काढायचा. घरापर्यंत हळू चालवत आणून बघितलेला रंग खोटा असतो. आता तपकिरी आहे. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) पेट्रोलच्या लिटरला ४० मिली, तेच ठेवलं.

९ मार्च

आवाज. दिवसा चालून गेलं, पण लाइट रात्रीची असते. चुलत्यांचं घर वाटेवरच, त्यांच्याकडे लहान बाळ आहे. काकू म्हणाल्या, “अरे, दारातनं जाताना तेवढं बंद करून ढकलत ने.” त्यांचं बरोबर आहे. कुणाची झोप मोडून आपलं पाणी पाजायचं नसतं.

शेपटीच्या नळीला सायलेन्सर जोडला. १३ मिमीची भोकांची नळी, बाहेरून ५० मिमीचा डबा, मध्ये ग्लासवूल. नळीभोवती आधी स्टीलच्या घासणीचा एक थर गुंडाळला, नाहीतर धुराचा झोत ग्लासवूलला भोकांतून बाहेर खेचून नेतो. ग्लासवूल हाताळताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल. आतला व्यास १३ च ठेवला, म्हणून चढावरचा आकडा बदलला नाही.

रात्री चुलत्यांच्या दारावरून गेलो. सकाळी काकूंना विचारलं, त्यांना कळलंच नाही. डब्याचं मागचं झाकण रिव्हेटने नाही, तीन स्क्रूने लावलंय. ग्लासवूल तेलाने भिजतं, ते बदलावं लागणार.

१६ मार्च

पुढच्या नळीवर उजव्या पायाच्या बाजूला जाळीचा पत्रा लावला. पँटची कड नळीला चिकटते, आणि रात्री ते लवकर लक्षात येत नाही. हीटप्रूफ काळा रंग दिला. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, इंजिन थोडं चालवून थंड करायचं, मग जास्त वेळ चालवायचं, असं तापवत नेलं की धरतो. एकदम पूर्ण तापवला तर फोड येतात.

बॉटम ब्रॅकेटखाली पाईप जमिनीपासून १९० मिमीवर आहे. बांध ओलांडताना घासायचा, म्हणून दोन ठिकाणी बांधाला खोऱ्याने उतार केला. हे पाईपचं काम नाही, पण पाईप वाचवायला लागलं.

२३ मार्च

नट, स्प्रिंगा, बुश, फ्लॅंज सगळं तपासलं. तडा नाही. गॅस्केटभोवती काळा डाग नाही. एम-८ चे नट थोडे फिरले, पुन्हा आवळले. थंड इंजिनावरच आवळायचे.

खर्च: तयार पाईप २,४००. स्टडचं काम २५०. पत्रा ३५०, नळी १८० (बाद तुकड्यासह). गॅस वेल्डिंगची मजुरी १,२००, तड्यासाठी आणि बाहीसाठी परत ४००. स्प्रॉकेट ६५०, चेन १५०. स्प्रिंगा, बुश, तांबं, रंग मिळून ४२०. सायलेन्सरचा डबा आणि ग्लासवूल २००. एकूण ६,२००. तयार पाईप सोडला तर ३,८०० त काम झालं असतं.

दुसऱ्या कुणाला हीच मापं वापरायची असतील तर पोर्टचे अंश आधी स्वतः मोजा. एकाच किटच्या दोन इंजिनांतही फरक असू शकतो. अंश १५० आले आणि फक्त फेऱ्या वेगळ्या हव्या असतील तर शंकूंना हात लावू नका, पोटाची लांबी बदला. ५,५०० साठी पोट ३८९, ६,२०० साठी २५८. चढ माझ्यापेक्षा जास्त असेल तर पहिल्याला जा. सायकल उजवीकडे कलते तेव्हा पाईपचं शेपूट कुठे टेकतं, तेवढं फर्मे कापण्याआधी तारेवर बघून घ्या.